लाकडी बायोमासच्या ज्वलनावर विद्युत क्षेत्राचा परिणाम

लाकडाच्या पेलेट (भुसा दाबून केलेल्या लहान गोळ्या), भुसा किंवा ढलप्या जळत असताना ज्योतीला काही हजार व्होल्टचे विद्युत क्षेत्र लावून ज्वलन सुधारण्याची पद्धत. क्षेत्राची पकड लाकडावर नव्हे, त्यातून निघणाऱ्या जळत्या वायूंवर बसते.

कोरडे लाकूड तापले की वजनाचा सुमारे 80 टक्के भाग वायुरूपाने बाहेर पडतो. मागे कोळसा आणि राख उरते. हे वायू जळताना सीएच मूलक (कार्बन व हायड्रोजनचा एकेक अणू असलेला अतिक्रियाशील तुकडा) व ऑक्सिजनचा अणू यांच्या संयोगातून इलेक्ट्रॉन सुटतो, धन आयन म्हणजे धनभारित कण तयार होतो आणि पुढे पाण्याच्या वाफेशी क्रिया होऊन हायड्रोनियम आयन बनतो. लाकडातले पोटॅशियमही यात भर घालते. त्याची आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, अवघी 4.34 इलेक्ट्रॉन व्होल्ट.

पेटती मेणबत्ती दोन विद्युतभारित पत्र्यांमध्ये ठेवली, की ज्योत ऋण पत्र्याकडे झुकते. विल्यम ब्रँड यांनी 1814 साली असे प्रयोग नोंदवले होते. इलेक्ट्रॉन हलके, ते झटकन निसटतात. जड धन आयन मात्र वाटेतल्या उदासीन रेणूंना धडका देत जातात आणि सगळा वायूच ओढला जातो. यालाच आयन वारा म्हणतात. आयनांची संख्या रेणूंच्या तुलनेत नगण्य असूनही हा वारा सेकंदाला काही मीटर वेग गाठू शकतो.

लाकडावरचे असे काम रीगाजवळच्या सालास्पिल्स येथे, लाटव्हिया विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेत झाले आहे. तिथे ते व्हावे हे साहजिकच. लाटव्हियाचा निम्म्याहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे. प्रयोगाच्या भट्टीत खाली पेलेटचा थर, वर भोवऱ्यासारखी फिरवून सोडलेली हवा आणि मधोमध अक्षावर इलेक्ट्रोड असतो. आयन वाऱ्याने वायू आणि हवा अधिक चांगली मिसळतात. प्रवाहाचा काही भाग उलटा पेलेटच्या थराकडे वळला, तर थराला जास्त उष्णता मिळून लाकडाचे विघटनही वेगाने होते. मिसळण चांगली झाली की न जळलेला कार्बन मोनॉक्साइड घटतो. खर्ची पडणारी वीज काही वॅट, मिळणारी उष्णता किलोवॅटमध्ये. पद्धतीचे खरे आकर्षण इथेच आहे.

अडचणी भट्टी मोठी झाली की सुरू होतात. इलेक्ट्रोडवर काजळी व राख साचते, विद्युतरोधक तापून विजेची गळती होते, व्होल्टता वाढवली तर ठिणगी पडते. शिवाय रुंद ज्योतीत क्षेत्र सगळीकडे सारखे पोहोचत नाही. धुराड्यातली धूळ पकडणारे स्थिरविद्युत अवक्षेपक कारखान्यांत केव्हाच रुळले आहेत, पण ते ज्वलन संपल्यावर काम करतात आणि ज्योतीला हात लावत नाहीत.