कोव्हर्ट आणि क्लँडेस्टाइन : नेमके लपवायचे काय?

इंग्रजीतील ‘कोव्हर्ट’ आणि ‘क्लँडेस्टाइन’ हे दोन्ही शब्द मराठीत आणताना आपण बहुधा ‘गुप्त’ या एकाच शब्दावर भागवतो. रोजच्या मजकुरात ते खपूनही जाते. मात्र हेरगिरीविषयी किंवा लष्करी कारवायांविषयी लिहिताना तसे केले, तर मूळ वाक्यात जो भेद मुद्दाम केलेला असतो तोच पुसला जातो.

अमेरिकी लष्कराच्या परिभाषेत हा भेद स्पष्ट आहे. कारवाई होत आहे याचाच कोणाला सुगावा लागू नये अशी आखणी असेल, तर ती क्लँडेस्टाइन. कारवाई उघड झाली तरी चालेल, पण तिच्यामागचा सूत्रधार कळू नये आणि संशय आलाच तर त्याला हात झटकता यावेत अशी व्यवस्था असेल, तर ती कोव्हर्ट.

१५ एप्रिल १९६१ रोजी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब पडले. ते कोणापासून लपणे शक्यच नव्हते, तसा हेतूही नव्हता. त्याच दिवशी क्यूबाच्या हवाई दलाची चिन्हे रंगवलेले एक बी-२६ बॉम्बफेकी विमान अमेरिकेतील मायामीत उतरले आणि आपण क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध बंड करून आलो आहोत, असे त्याच्या वैमानिकाने सांगितले. प्रत्यक्षात विमान सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने पाठवले होते, आणि त्यावर गोळ्यांची भोकेही आधीच पाडून ठेवलेली होती. परंतु क्यूबाच्या बी-२६ विमानांचे नाक पारदर्शक असे, तर या विमानाचे नाक धातूचे होते, हे पत्रकारांच्या नजरेतून सुटले नाही आणि बनाव उघडा पडला. कोव्हर्ट कारवाईचे सारे बळ अशा बनावावर असते.

याउलट सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने बर्लिनमध्ये सोव्हिएत लष्कराच्या दूरध्वनी तारांपर्यंत खणलेला बोगदा. १९५५ ते १९५६ या काळात त्यातून संभाषणे ऐकली गेली. येथे खोट्या सूत्रधाराचा काही उपयोग नव्हता, कारण बोगद्याचे अस्तित्व कळताच सारेच संपणार होते. जॉर्ज ब्लेक या फितुराने त्याची खबर सोव्हिएत बाजूला आधीच दिलेली होती, तरीही ही कारवाई क्लँडेस्टाइनच ठरते, कारण हे दोन्ही शब्द हेतू सांगतात, यशापयश नव्हे.

अनुवादकाने हा भेद जपावा असा माझा आग्रह आहे, कारण त्याला कायद्याचेही अधिष्ठान आहे. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने ‘कोव्हर्ट ॲक्शन’ची व्याख्या केली आणि तिच्यासाठी राष्ट्राध्यक्षांचा लेखी निर्णय आवश्यक ठरवला, ज्या कामाचा मुख्य हेतू केवळ माहिती मिळवणे हा आहे, ते या व्याख्येतून वगळलेले आहे. दोन्हींना ‘गुप्त कारवाई’ म्हटले, तर हा निर्णय कशाला लागतो आणि कशाला नाही, हे मराठी वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून कोव्हर्टसाठी ‘सूत्रधार लपवून केलेली कारवाई’ असे थोडे लांबलचक लिहावे लागले तरी मी ते पत्करतो.

व्युत्पत्तीही मदतीला येते. ‘कोव्हर्ट’ आणि आपण वहीला घालतो ते ‘कव्हर’ यांचे मूळ एकच आहे: कव्हर घातलेली वही दिसते, पण ती कोणाची हे कळत नाही. ‘क्लँडेस्टाइन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘नकळत’ असा आहे. लष्कराबाहेर या शब्दाला निषिद्धाची छटा येते. इंग्लंडमध्ये १७५३ साली रीतसर जाहीर न करता उरकलेल्या विवाहांविरुद्ध कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावात हाच शब्द आला.

‘गुप्त’च्या आसपासचे आणखी दोन इंग्रजी शब्द मात्र सोपे आहेत. ‘सरेप्टिशस’ म्हणजे दुसऱ्याचे लक्ष चुकवून केलेले. त्याला ‘गुपचूप’ पुरेसा आहे. ‘फर्टिव्ह’बाबत तर शोधाशोध करावीच लागत नाही, कारण तो लॅटिनमधील ‘चोर’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि तशा नजरेला मराठीत आपण ‘चोरटा कटाक्ष’ म्हणतोच.