मॅगझिन काढलं, तरी एक गोळी आत असते

अमेरिकेत बंदुकीवरून वाद पेटला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: बंदुकीच्या अपघातापेक्षा पाण्यात बुडून कितीतरी जास्त माणसं मरतात, मग पोहण्याच्या तलावांवर बंदी घालणार का? आकड्यांपुरतं हे खरं आहे. 2021 मध्ये तिथे अपघाताने सुमारे 2,25,000 माणसं दगावली. त्यांतली लाखभर विषबाधेने, म्हणजे मुख्यतः अमली पदार्थांच्या अतिसेवनाने. वाहनांच्या अपघातात 45,000च्या आसपास, पडून जवळपास तितकीच, बुडून सुमारे साडेचार हजार. आणि बंदूक चुकून उडाल्यामुळे 549.

पण एवढ्यावर बंदूक निरुपद्रवी ठरवणं ही शुद्ध दिशाभूल आहे. त्याच वर्षी बंदुकीने एकूण 48,830 बळी घेतले. निम्म्याहून जास्त आत्महत्या, उरलेले बहुतेक खून. शिवाय 549 हा आकडाही कमीच भरतो. एका मुलाच्या हातून खेळताना दुसरं मूल मेलं, तर काही ठिकाणी त्याची नोंद 'हत्या' अशी होते, कारण गोळी दुसऱ्याच्या हातून सुटलेली असते.

मला मात्र या लहान आकड्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. यांतले बरेच मृत्यू एकाच वाक्याने सुरू होतात: 'पिस्तूल रिकामं आहे.'

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन बसतं. त्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना सतत वर ढकलत असते. नळीच्या मागच्या टोकाला चेंबर असतो; काडतूस उडतं ते तिथूनच. वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड; ती मागे ओढून सोडली की पुढे येताना मॅगझिनमधलं सर्वांत वरचं काडतूस खेचून चेंबरमध्ये बसवते. गोळी झाडली की त्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि परत येताना पुढचं काडतूस भरते. म्हणजे मॅगझिनमध्ये काडतुसं आहेत तोवर प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल पुन्हा तयारच असतं.

आता मॅगझिन काढा. हातात भरलेलं मॅगझिन दिसतं, मुठीत पोकळी दिसते, वाटतं काम झालं. चेंबरमधलं काडतूस मात्र जागच्या जागी असतं, बाहेरून सहसा दिसत नाही, आणि बरीचशी पिस्तुलं मॅगझिन नसतानाही उडतात. याहून फसवा प्रकार क्रम उलटा झाला की घडतो. आधी स्लाइड ओढली, एक काडतूस बाहेर पडलं, मग मॅगझिन काढलं. दोन्ही गोष्टी केल्या, काडतूस डोळ्यांनी बाहेर पडताना पाहिलं, तरी पिस्तूल भरलेलंच! कारण स्लाइड परत येताना तिने दुसरं काडतूस आत नेलेलं असतं. मॅगझिन आधी, स्लाइड नंतर, आणि शेवटी चेंबरमध्ये डोकावून खात्री, हाच क्रम बरोबर.

अशा मृत्यूनंतर 'वेळच आली होती' असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. यात वेळ-काळ काही नाही, एक स्प्रिंग आणि एक स्लाइड आहे, आणि ती कशी वागणार हे आधीपासून ठाऊक असतं.

म्हणूनच उपायही यंत्रातच सापडतो. चेंबर भरलेला आहे हे बाहेरून दाखवणारी खूण, आणि मॅगझिन काढताच चाप निकामी करणारी कळ, या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने 1991 मध्ये अपघाती गोळीबाराच्या मृत्यूंचा नमुना तपासला, तेव्हा 23 टक्के मृत्यू नुसत्या अशा खुणेने टळू शकले असते असं आढळलं. लहान मुलांना चालवता येणार नाही अशा कुलूपवजा सोयीने आणखी 8 टक्के.

औषधाच्या बाटल्यांना मुलांना उघडता न येणारी झाकणं लावण्याचा कायदा तिथे 1970 सालीच झाला. मोटारींमध्ये सीटबेल्ट 1968च्या मॉडेलपासून सक्तीचे आहेत. ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षा पाहणाऱ्या संघीय आयोगाला मात्र बंदुकांवर अधिकारच नाही. कॅलिफोर्नियाने 2007 पासून नव्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांसाठी खूण आणि कळ या दोन्हींची अट घातली. देशभर लागू असा नियम अजून नाही.