किनाऱ्यापासून २५ किलोमीटर

१४ जानेवारी १९९७. उत्तर केरळातल्या वडकरा गावच्या किनाऱ्यावर सकाळी ११ मच्छीमार तारली घेऊन उतरले, तेव्हा बाजारात गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. ज्यांना घ्यायची होती त्यांची घेऊन झाली होती. ऊन चढायला लागलं की तारली धीर धरत नाही. बर्फात ठेवायची सोय नाही, आणि मासळी इतकी स्वस्त की गाडी करून दुसरीकडे न्यावी तर भाडंच अंगावर यायचं. त्या ११ जणांनी पकडलेली मासळी तिथेच टाकून दिली. त्याच सकाळी, तिथून १५ किलोमीटरच्या आत, शेजारच्या बाजारांतून २७ गिऱ्हाइकं रिकाम्या हातांनी परत निघाली होती. त्यांना तारली मिळाली नव्हती.

ही नोंद अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासातली आहे. १९९६ ते २००१ अशी जवळजवळ पाच वर्षं, दर आठवड्याला, केरळच्या किनाऱ्यावरच्या १५ बाजारांतून आणि ३०० मच्छीमार गटांकडून त्यांनी माहिती गोळा केली: किती मासळी मिळाली, कुठे विकली, काय भावाने. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. धंद्यात मोबाइल आला की नेमकं काय बदलतं, या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर देणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. म्हणून कंपन्या, कार्यालयं, ॲप यांच्याकडे वळण्याआधी मी प्रत्येकाला या तारलीकडे घेऊन जातो.

तारली कोकणात आणि गोव्यात सगळ्यांच्या ओळखीची. उत्तर केरळात तिला मत्ती म्हणतात. ही मासळी झुंडीनं फिरते. आज झुंड या गावासमोर, उद्या १५ किलोमीटर पलीकडे. त्यामुळे एका किनाऱ्यावर ढीग लागतो आणि शेजारच्या किनाऱ्यावर पाटी रिकामी राहते. तारलीच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. उष्णतेत जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन पुढे कितीही शिजवलं तरी जात नाही, आणि खाणाऱ्याला त्रास होतो. म्हणजे मासा हातात आल्या क्षणापासून घड्याळ सुरू झालेलं असतं. बाजार भरतो तोही पहाटेचे दोन-तीन तासच. एका बंदरात जाऊन भाव पाहायचा, पटला नाही तर दुसरीकडे जायचं, एवढा वेळ नाही आणि इंधनही नाही. मग मच्छीमार काय करणार? आपल्या गावच्या किनाऱ्यावर यायचं आणि मिळेल तो भाव घ्यायचा. जवळजवळ सगळे हेच करत होते. पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के अशी फुकट जात होती.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की त्या मच्छीमारांना धंदा कळत नव्हता असं मुळीच नाही. कुठल्या बाजाराला लागावं हा निर्णय ते रोज घेत होते. त्या निर्णयासाठी लागणारी एकच गोष्ट, समोरच्या बाजारातला आत्ताचा भाव, त्यांना वेळेवर मिळत नव्हती. बोट किनाऱ्याला लागल्यावर ती मिळायची, आणि तेव्हा तिचा उपयोग संपलेला असायचा.

जानेवारी १९९७ मध्येच कोळिकोड भागात मोबाइल सेवा सुरू झाली. त्याच्या उत्तरेकडे ती १९९८ च्या जुलैत पोहोचली आणि कासरगोडच्या पट्ट्यात २००० च्या मे महिन्यात. टॉवर मच्छीमारांसाठी उभारलेले नव्हते. केरळात शहरं आणि दाट वस्ती किनाऱ्याला लागून आहे, म्हणून टॉवरही किनाऱ्याजवळ आले, आणि त्यांच्या लहरी समुद्रात २० ते २५ किलोमीटरपर्यंत गेल्या. तारली पकडणाऱ्या बोटी साधारण त्याच टापूत असतात. निव्वळ योगायोग!

हे २५ किलोमीटर कुठून आले, ते पाहण्यासारखं आहे. तेव्हाचे फोन ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. अशा लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. जमिनीवर इमारती, झाडं, डोंगर त्यांना अडवतात. समुद्रावर अडवणारं काही नसतं. तिथे अडथळा एकच, पृथ्वीची गोलाई. ४० मीटर उंचीच्या टॉवरवर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम २२-२३ किलोमीटरवर दिसतं. रेडिओलहर हवेच्या थरांतून जाताना थोडी खाली वाकते, त्यामुळे तिचं क्षितिज जरा पुढे, २६ किलोमीटरवर जातं. बोटीवरच्या माणसाने फोन पाण्यापासून दोन मीटर उंच धरला तर आणखी पाच-सहा किलोमीटर. लाटा, बोटीचं हेलकावणं, ओलसर हवा यांची वजाबाकी केली की बोलण्याजोगी रेंज २०-२५ किलोमीटरच उरते.

टॉवर आणखी उंच केला तर? तरीही जीएसएम या तेव्हाच्या मोबाइल पद्धतीच्या फोनला ३५ किलोमीटरची वेस होती, आणि ती प्रकाशाच्या वेगाने घातलेली होती. या पद्धतीत एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, म्हणून लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोहोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसू पाहतो. ते टाळायला टॉवर फोनला सांगतो, तू जरा आधी बोलायला लाग. किती आधी, हे सांगायला ० ते ६३ असे आकडे ठरवलेले आहेत आणि एकेक आकडा सुमारे ५५० मीटर अंतराचा आहे. ६३ आकडे संपले की साधारण ३५ किलोमीटर झाले. त्यापलीकडच्या फोनला टॉवर सामावून घेऊ शकत नाही, मग लहरी कितीही स्वच्छ येवोत. शिवाय टॉवर जितका दूर, तितका फोन जोर लावून बोलतो, आणि बॅटरी तितक्या लवकर बसते.

त्या काळी बोलणं महाग होतं. आलेला फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत; ते बंद झालं २००३ मध्ये. तरीही २००१ पर्यंत तिथल्या ६० टक्क्यांहून अधिक बोटींवर मोबाइल पोहोचला होता. कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, अनुदान नव्हतं, ॲप तर नव्हतंच. जाळं ओढून झालं की किनाऱ्याच्या दिशेने येता येता तीन-चार बाजारांत फोन लावायचा, भाव विचारायचा, आणि बोटीचं तोंड तिकडे वळवायचं. ३० ते ४० टक्के बोटी आता आपलं गाव सोडून दुसऱ्या बाजारात विकू लागल्या. मासळी फुकट जाणं जवळपास थांबलं. एकाच सकाळी बाजाराबाजारांतल्या भावांत जी प्रचंड तफावत असायची ती विरली.

या बदलात मला सगळ्यांत भावणारा आकडा वेगळाच आहे. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. एरवी एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा असं धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. इथे दोघांचं भलं झालं, कारण जे वाचलं ते कुणाच्या खिशातून आलेलंच नव्हतं. ते आधी किनाऱ्यावर सडत होतं.

गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती खरी असूनही अपुरी राहील. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या अभ्यासकांनी केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा फिरून पाहिलं. भाव विचारून बंदर बदलण्याची चैन प्रामुख्याने मोठी जाळी असलेल्या बोटींना परवडत होती. अनेक लहान मच्छीमारांनी जाळ्यासाठी, इंजिनासाठी दलालाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, आणि ज्याची उचल घेतली त्याच्यामार्फतच मासळी विकायची असते. अशा मच्छीमाराला दहा बाजारांचे भाव कळले तरी बोट वळवता येत नाही. कोकणातल्या बंदरावर ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. टी. टी. श्रीकुमार यांना आणखी एक बाजू दिसली. मच्छीमार फोनचा वापर एकमेकांना झुंड कुठे आहे ते कळवायला आणि अडचणीत मदतीला बोलवायलाही तितकाच करत होते. ही भावाच्या तक्त्यात न मावणारी कमाई आहे.

दुसरा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. दुसऱ्या गावच्या किनाऱ्याला बोटी लागायला लागल्या तशी मच्छीमारांना तिथल्या बोटी दिसल्या, आणि त्या बांधणाऱ्या सुतारांची नावं कळली. कुणाची बोट जास्त वर्षं टिकते हे समजलं. जेन्सन आणि नोलन मिलर यांनी याचाही माग काढला. तोवर गावोगावचा सुतार आपल्याच गावापुरता बोटी बांधायचा. आता चांगल्या सुतारांकडे लांबून गिऱ्हाईक यायला लागलं, त्यांच्या कार्यशाळा मोठ्या झाल्या, कामाची वाटणी झाली. उरलेल्या अनेकांची दुकानं बंद पडली. फोन सुतारांच्या हातात आला म्हणून हे घडलं नाही. तो त्यांच्या गिऱ्हाइकाच्या हातात आला होता.

गेल्या हिवाळ्यात मी हर्णैच्या लिलावाला गेलो होतो. मासळीच्या पाट्यांमागे उभ्या असलेल्या एका तांडेलाच्या कमरेला दोन फोन होते. एक साधा, बटणांचा, पॉलिथिनच्या पिशवीत रबर लावून बांधलेला. दुसरा स्मार्टफोन, आत खोल ठेवलेला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, “दादा, ओल्या बोटाला तो ऐकत नाही.” अगदी बरोबर निदान! स्मार्टफोनच्या काचेखाली सूक्ष्म विद्युतभाराची जाळी असते, आणि आपलं बोट जवळ आलं की त्या भारात पडणाऱ्या फरकावरून स्पर्श ओळखला जातो. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक. त्याचा थेंब काचेवर पडला की फोनला तो बोटासारखाच वाटतो, नाहीतर खऱ्या बोटाची खूण चार दिशांना पसरवतो. बटणाला मात्र फक्त दाब लागतो, बोट ओलं असो की खवल्यांनी माखलेलं. भर समुद्रात, एका हातात दोर असताना, कुठला फोन उपयोगाचा हे त्या तांडेलाला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं.

म्हणूनच महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये जे झालं त्याचं मला वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. फोन सतत अडकतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या फोनची कार्यस्मृती, म्हणजे रॅम, २ जीबी होती. ही स्मृती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलून फडताळात टाकावं लागतं, आणि दर वेळी तेच. प्रोसेसरचा वेळ स्वयंपाकापेक्षा उचलठेवीतच जातो. पण मला वाटतं, फोन कितीही चांगला दिला असता तरी एक प्रश्न उरलाच असता. केरळातला मच्छीमार फोनवरून विचारत होता. सेविकेच्या हातातला फोन मुख्यतः तिला विचारत होता: वजन भर, उंची भर, हजेरी भर. त्या माहितीतून तिच्या हाती, त्याच दिवशी, त्याच पोरासाठी उपयोगी पडेल असं काय परत आलं? कर्मचाऱ्यांना मोबाइल देणाऱ्या प्रत्येक संस्थेने खरेदीच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं. या बायका गावागावांत जे काम करतात ते फार मोठं आहे, आणि त्यांना साजेसं अवजार मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

आणि २५ किलोमीटरच्या पलीकडे? नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारा होता, पण तो बोटीपर्यंत न्यायला टॉवर नव्हता. अनेक जण परतले नाहीत. त्यानंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ‘जेमिनी’ नावाचं उपकरण आलं. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे वादळाचे इशारे आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याची माहिती ते ‘गगन’ या भारतीय दिशादर्शन व्यवस्थेच्या उपग्रहांकडून घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. मोठीच सोय. पण ती एकाच बाजूची. बोटीला ऐकू येतं, बोलता येत नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्ये पुढच्या पायरीचा आरंभ झाला. इस्रोने घडवलेले १ लाख ट्रान्सपाँडर १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मासेमारी बोटींवर बसवण्याची ही योजना. हा संच दोन्हीकडून छोटे लेखी निरोप नेतो. तांडेलाने आपला फोन त्याला जोडायचा आणि लिहायचं. टॉवरची गरज नाही, क्षितिजाची अडचण नाही. निरोप ३६,००० किलोमीटर वर भूस्थिर उपग्रहाकडे जातो आणि तिथून खाली किनाऱ्यावर येतो. या सगळ्या प्रवासाला लहरीला लागतो जेमतेम पाव सेकंद.