‘शॅल बी’ म्हटले, पण करणारा कोण? कायद्याच्या इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइसची पार्श्वभूमी

भारतीय संविधानातले दोन अनुच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचा. चौदावा सुरू होतो ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’ असा: राज्य कोणालाही कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. एकविसावा सुरू होतो ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड’ असा: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही. पहिल्यात कोणाला बजावले आहे ते लख्ख दिसते. दुसऱ्यात हिरावून घेणाराच गायब. शाळेत पॅसिव्ह करताना कर्ता ‘बाय’ लावून वाक्याच्या शेवटी ठेवायला शिकवतात. कायद्याच्या इंग्रजीत तो ‘बाय’ बहुधा येतच नाही. त्या रिकाम्या जागेवरून आठशे वर्षे वाद चालू आहेत.

एकविसाव्या अनुच्छेदाची वंशावळ १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत जाते. त्याचे एकोणचाळिसावे कलम लॅटिनमध्ये आहे आणि मोठे गमतीचे आहे. सुरुवातीला सगळा पॅसिव्ह: कोणाही स्वतंत्र माणसाला पकडले जाणार नाही, कैदेत टाकले जाणार नाही, हद्दपार केले जाणार नाही. आणि मग एकदम ‘आम्ही’ उगवतो: आम्ही त्याच्यावर चालून जाणार नाही, कोणाला त्याच्यावर धाडणारही नाही. हा ‘आम्ही’ म्हणजे जॉन राजा. सरदारांनी कोणाचे हात बांधले, याबद्दल तिथे शंका उरत नाही. १३५४ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात हीच हमी कायद्यात पुन्हा आली, ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायद्याची रीतसर प्रक्रिया) हे शब्दही आले. ‘आम्ही’ मात्र गळून पडला. उरला तो नुसता पॅसिव्ह.

तोच साचा १७९१ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीत उतरला. पहिली दुरुस्ती काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, नाव घेऊन बजावते. पाचवी कोणाचेच नाव घेत नाही. याची किंमत बाल्टिमोरच्या जॉन बॅरनला मोजावी लागली. शहराने रस्त्यांच्या कामात ओढ्यांचे प्रवाह वळवले, गाळ वाहून त्याच्या धक्क्यापाशी साचला आणि जहाजे लागेनाशी झाली. खालच्या कोर्टाने त्याला ४,५०० डॉलर भरपाई दिली, वरच्या कोर्टाने ती काढून घेतली. बॅरनचे म्हणणे असे, की ‘भरपाईशिवाय खासगी मालमत्ता घेतली जाणार नाही’ या वाक्यात कर्ता नाही, म्हणजे ते सगळ्यांनाच लागू. १८३३ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी उलटा अर्थ लावला. ज्या संविधानातून केंद्र सरकार घडते, त्यातली मोघम बंधने त्याच सरकारवर असतात. राज्यांना बांधायचे होते तिथे घटनाकारांनी ‘नो स्टेट शॅल’ असे सरळ लिहिले आहे. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती झाली तेव्हा पाचवीतले ‘ड्यू प्रोसेस’चे जवळपास तेच शब्द परत आले, पण ॲक्टिव्ह होऊन: कोणतेही राज्य हिरावून घेणार नाही. त्या वाक्याला कर्ता मिळेपर्यंत ७७ वर्षे गेली.

दरम्यान इंग्लंडात जॉर्ज कूड यांनी १८४० च्या दशकात मसुदालेखनाची शिस्त मांडली: कायद्याच्या वाक्यात आधी माणूस हवा, कोणावर बंधन किंवा कोणाला अधिकार ते कळले पाहिजे. सल्ला आजही सोन्यासारखा आहे. पण तो आंधळेपणाने पाळायचाही नसतो. मेकॉले यांच्या मसुद्यातून आलेल्या भारतीय दंड संहितेत ‘हूएव्हर कमिट्स मर्डर शॅल बी पनिश्ड’ असे होते. गुन्हा करणारा ॲक्टिव्हमध्ये, शिक्षा देणारा अदृश्य, कारण शिक्षा कोर्टच देणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच रचना टिकली आहे. करार, नोटिसा, प्रॉस्पेक्टस (शेअर विकताना कंपनी देते ते माहितीपत्रक) यांचे वेगळे. तिथे पॅसिव्ह हा जबाबदारी झटकण्याचा सोपा मार्ग असतो (‘कार्यवाही करण्यात येईल’ ही ओळ वाचून कोण करणार ते शोधत बसलेल्यांना हे सांगायला नको). अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने १९९८ मध्ये प्रॉस्पेक्टसच्या काही भागांत ॲक्टिव्ह व्हॉइस वापरण्याचा चक्क नियमच केला.

आपल्याकडे हा प्रश्न संविधान लागू झाल्यावर लगेच उभा राहिला. एकविसाव्या अनुच्छेदातली ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ ही शब्दरचना मसुदा समितीने १९४६ च्या जपानी संविधानावरून घेतली होती, तिथेही पॅसिव्हच. मालमत्तेचा तेव्हाचा अनुच्छेद ३१(१) त्याच घाटाचा. सेंट्रल बँक तेव्हा मुंबईची खासगी बँक होती. तिने एका भागधारकाचे शेअर येण्यापोटी विकले आणि शामदासानी खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. युक्तिवाद बॅरनचाच: वाक्यात राज्याचा उल्लेख नाही, म्हणजे बँकही त्यात आली. डिसेंबर १९५१ मध्ये न्या. पतंजली शास्त्री यांनी तो फेटाळला. एकविसाव्यातही राज्याचा उल्लेख नाही, म्हणून तो खासगी माणसांविरुद्ध आहे असे कोणी म्हणेल का, असा उलट प्रश्नही त्यांनी केला.

पण सगळे रिकामे कर्ते सारखे नसतात. सतरावा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट केली आहे असे सांगतो, तेविसावा वेठबिगारीला मनाई करतो, चोविसावा चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला ठेवले जाणार नाही असे म्हणतो. तिन्ही पॅसिव्ह. इथे ‘राज्य’ हा कर्ता घातला असता तर घात झाला असता. विहिरीवर अडवणारा माणूस काही सरकार नव्हता. १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडची बांधकामे करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, न्या. भगवती यांनी हे अनुच्छेद खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे स्पष्ट केले.

आणि जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने एकोणिसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांतले हक्कही राज्याखेरीज इतरांविरुद्ध बजावता येतील असे म्हटले. बहुमताचा निकाल लिहिताना न्या. रामसुब्रमणियन यांनी कोणते अनुच्छेद राज्याला उद्देशून आहेत आणि कोणते नाहीत याची छाननी केली. न्या. नागरत्ना यांना हे सरसकट मान्य नव्हते. शामदासानी खटल्यातला तो उलट प्रश्न ७१ वर्षांनी बहुमताने ‘हो’ म्हणून सोडवला, आणि या सगळ्या काळात एकविसाव्या अनुच्छेदाचा एक शब्दही बदललेला नव्हता.