गळा दाबल्याची तक्रार: दवाखाना, पोलीस ठाणे आणि कोर्ट; अर्ज कोण करू शकते, कागद कोणते

नवऱ्याने, सासरच्या कुणी किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराने गळा दाबला, ओढणीने आवळला, तोंडावर उशी धरली, तर दाद मागायला तीन दारे आहेत: दवाखाना, पोलीस ठाणे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचे कोर्ट. क्रम कायद्याने बांधलेला नाही. एका दारात गेल्याने दुसरे बंदही होत नाही. पुढची माहिती त्या बाईसाठी आहेच, पण तिच्यासोबत जाणारी आशाताई, समुपदेशक, नवखी वकील, रात्रपाळीचा डॉक्टर आणि ठाणे अंमलदार यांच्यासाठीही आहे. या गुन्ह्यात केस पहिल्या एक-दोन दिवसांच्या कागदांवर उभी राहते, आणि बसते तीही तिथेच.

नेहमी होते ते असे. बाई सांगते, “मारलं, केस ओढले, भिंतीला लावून गळा धरला, डोळ्यांपुढं अंधारी आली.” केसपेपरवर उतरते, “हिस्टरी ऑफ अ‍ॅसॉल्ट बाय हजबंड.” तोच केसपेपर घेऊन ती ठाण्यात जाते, तिथे भारतीय न्याय संहितेची कलमे ११५(२), ३५२, ३५१(२), म्हणजे साधी दुखापत, अपमान आणि धमकी, लावून अदखलपात्र नोंद (एनसी) होते, जिचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करत नाहीत. एनसीची प्रत हातात पडते आणि प्रकरण तिथेच थांबते. गळा धरला, अंधारी आली, ही दोन वाक्ये कुठल्याच कागदावर नसतात. सहा महिन्यांनी कोर्टात ही वाक्ये पहिल्यांदा आली की समोरचा वकील विचारणारच, आजवर का सांगितले नाही?

आधी दवाखाना

सरकारी, पालिकेचा वा खासगी, कुठल्याही दवाखान्यात जाता येते. पोलिसांची यादी (तपासणीसाठीचे पत्र) आणा, मगच तपासू, असे कुणी म्हटले तर ते चुकीचे आहे. कॅज्युअल्टीचे डॉक्टर स्वतः एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांशी संबंधित दुखापतीची नोंद) करून पोलिसांना कळवू शकतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे कलम ७ तर स्पष्टच सांगते की, बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यावर वैद्यकीय मदत द्यावीच लागते.

डॉक्टरांना सांगताना “मारलं” एवढ्यावर थांबू नका. एका हाताने दाबला की दोन्ही, समोरून की मागून, हाताने की ओढणी वा चार्जरच्या वायरने, किती वेळा, शुद्ध हरपली का, त्या वेळी तो काय म्हणत होता, हे सगळे केसपेपरवर यायला हवे. आणि डॉक्टरांनी स्वतःहून विचारायच्या गोष्टी वेगळ्या: आवाज बसला का, गिळताना दुखते का, मधले काही आठवत नाही असे झाले का, नकळत लघवी झाली का. शेवटची गोष्ट कुठलीही बाई आपणहून सांगत नाही. लाज वाटते, आणि तिचा गळ्याशी काही संबंध असेल असे तिला वाटतही नाही. शुद्ध हरपल्याची ती मोठी खूण असू शकते.

तपासणीत पापण्यांच्या आतली बाजू, कानांच्या मागे, हनुवटीखाली आणि ओठांच्या आत पाहावे लागते. सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके तिथे सापडू शकतात. मंगळसूत्र किंवा साखळी घातलेली असेल तर तिचा वळ गळ्यात उमटलेला असू शकतो, तो वेगळा नोंदवावा. बाईच्या स्वतःच्या गळ्यावर तिच्याच नखांचे ओरखडे असू शकतात, कारण आवळलेला हात सोडवताना ती स्वतःची कातडी ओरबाडते. तपासात याचा अर्थ उलटा लावला जातो, “हिनेच करून घेतलं.” त्याच्या मनगटावर किंवा चेहऱ्यावर ओरखडे असले की “दोघांची झटापट” लिहून मोकळे. ओरखड्यांची जागा आणि दिशा लिहिली तर असा घोटाळा होत नाही.

गळ्यावर काहीच दिसत नाही, म्हणून काही झाले नाही, हा समज सगळ्यात घातक. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराच्या सरकारी वकील कार्यालयाने अशा ३०० प्रकरणांचे कागद तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्या प्रकरणांत गळ्यावर दिसणारी जखम नव्हतीच, आणि फोटोत येईल एवढी खूण फक्त १५ टक्क्यांत होती. त्याच शहरात २०११ पासून पोलीस, सरकारी वकील, परिचारिका आणि डॉक्टर यांना केवळ या गुन्ह्याचा तपास कसा करायचा आणि खटला कसा चालवायचा, हे शिकवणारी संस्था चालते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७ जून २०२२ पासून गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, माणूस मेला नाही तरी. आपल्याकडे असे स्वतंत्र कलम नाही. म्हणूनच नोंद नेमकी हवी, कारण कलम कोणते लागणार ते तपशिलावरच ठरते.

अमेरिकेतच २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून त्या बाईचा खून होण्याचा धोका सातपटीच्या आसपास वाढतो. “रागाच्या भरात झालं असेल” म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा जरूर सांगावा.

वळ पहिल्या दिवशी पुसट आणि तिसऱ्या दिवशी निळाजांभळा होतो, तेव्हा फोटो लगेच काढा आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज काढा. फुटपट्टी शेजारी धरून एक, चेहरा दिसेल असा एक. गळा खूप दुखत असेल, चक्कर येत असेल, आवाज बदलला असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) लागते का, ते डॉक्टरांना विचारा. आतून रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनी पक्षाघात येऊ शकतो. बाई गरोदर असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

ओढणी, दोरी, वायर, तुटलेली साखळी धुऊ नका, गाठ सोडू नका. कागदी पिशवीत ठेवा आणि पोलिसांना पंचनामा करून जप्त करायला सांगा.

पोलीस ठाणे

गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते (झीरो एफआयआर), हद्दीचे कारण चालत नाही. ऑनलाइन किंवा ईमेलने कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, मागून घ्या. हे सगळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये आहे.

कलमे कोणती लावायची ते पोलिसांचे काम, बाईने कलम सांगण्याची गरज नाही. मात्र काय शक्य आहे ते माहीत असावे. न्याय संहितेचे कलम ८५ म्हणजे पूर्वीचे ४९८अ, नवऱ्याकडून वा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. कलम ११६ मध्ये जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत ही गंभीर दुखापत धरली आहे, तिची शिक्षा ११७(२) खाली ७ वर्षांपर्यंत. आणि कलम १०९, खुनाचा प्रयत्न: १० वर्षांपर्यंत, दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत. खुनाच्या प्रयत्नासाठी जखम मोठी असलीच पाहिजे असे नाही, हेतू किंवा जाणीव पाहायची, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. “आज तुला संपवतो” हे वाक्य जबाबात जसेच्या तसे, तिच्या बोलीत लिहायचे ते यासाठी. “जिवे मारण्याची धमकी दिली” एवढ्याने ते काम होत नाही.

शिक्षेच्या आकड्याने प्रत्यक्षातही फरक पडतो. ३ वर्षे किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. त्याहून गंभीर गुन्ह्याला ही वाट नाही, थेट एफआयआर.

ठाण्यात नोंद झालीच नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो.

कोर्टातला अर्ज: कोणाला करता येतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अर्जदार स्त्रीच असते. पत्नी, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री, बहीण, आई, विधवा सून, सासू, सगळ्या बसतात. एकत्र राहत असलेली किंवा पूर्वी राहिलेली असली तरी पुरे. घटस्फोट झालेला असेल तरी आधीच्या हिंसेसाठी दाद मागता येते, आणि अर्ज करताना त्याच घरात राहत असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. २०१६ च्या निकालापासून सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) पुरुषच असावा ही अटही गेली, म्हणजे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो. कलम १२ च्या अर्जाला वर्षभराची मुदतही लागू नाही.

अर्ज ती स्वतः, तिच्या वतीने दुसरे कुणी, किंवा संरक्षण अधिकारी करू शकतो. कोर्ट कुठले? ती सध्या जिथे राहते, तात्पुरती माहेरी असली तरी, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे चालते. सासरच्या तालुक्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा वा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही, उत्पन्नाचा दाखला मागितला तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ दाखवा.

संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाचा असतो. तो नमुना १ मध्ये घटना अहवाल भरतो. या नमुन्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि करणारी व्यक्ती यांचे रकाने आहेत, आणि शारीरिक हिंसेपुढे “कोणत्याही प्रकारची दुखापत, कृपया तपशील द्या” अशी एक ओळ. गळ्याची गोष्ट इथेच लिहायची. ओळ पुरत नाही, सोबत कागद जोडा. “वारंवार मारहाण करतात” असे लिहून हा रकाना भरलेले अहवाल इतके असतात की वाचणाऱ्याला घटना एक की वीस, तेही कळत नाही. पहिली, सगळ्यात वाईट आणि शेवटची, निदान या तीन घटना तारखेसह लिहाव्यात. तारीख आठवत नसेल तर “गणपतीच्या आदल्या आठवड्यात” हेही चालते, खोटी तारीख मात्र नको.

बाईने थेट अर्ज केला तर हा अहवाल असलाच पाहिजे असे नाही. तरी असलेला बरा.

कागदपत्रे

मुख्य अर्ज नमुना २ मध्ये, आणि समोरच्याला न ऐकता तातडीचा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश हवा असेल तर नमुना ३ चे प्रतिज्ञापत्र. सोबत ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका, फोटो), मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचा बोनाफाइड, केसपेपर, एमएलसीची प्रत, तपासण्यांचे अहवाल, फोटो, एनसी वा एफआयआर, पोलिसांच्या महिला सहाय्य कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये आधी दिलेले अर्ज. स्त्रीधनाची यादी, पावत्या असतील तर पावत्या, नसतील तर लग्नातले दागिने दिसणारे फोटो. पोटगी मागणार असाल तर उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावे लागते. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले आहे, त्यासाठी पासबुकाची झेरॉक्स लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि रेकॉर्डिंग द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र लागते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट काढलेत म्हणून चॅट डिलीट करणे ही हमखास होणारी घोडचूक आहे.

यातले निम्मे कागद सासरच्या कपाटात असतात. तेवढ्यासाठी अर्ज थांबवू नका, मिळाले की मागाहून जोडता येतात. कपाटातले कागद आणायला एकटीने परत जाणे तर नकोच. कोर्टाकडून कागद व स्त्रीधन परत देण्याचा आदेश मागता येतो, आणि पोलीस सोबत घेता येतात.

अर्ज दिल्यावर

कायद्याने पहिली तारीख साधारण ३ दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून सगळी ताकद अंतरिम आदेशावर लावावी. कलम १८ खाली हिंसेला व संपर्काला मनाई, १९ खाली घरात राहण्याचा हक्क किंवा त्याला घराबाहेर काढणे, २० खाली खर्च, २१ खाली मुलांचा ताबा, २२ खाली भरपाई. गळा दाबल्याची घटना अर्जात पहिल्या पानावर असेल, सोबत केसपेपर असेल, तर तातडी का आहे हे वेगळे पटवावे लागत नाही.

कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकते. इथे माझे मत ठाम आहे: ज्या प्रकरणात गळा दाबला गेला आहे, तिथे दोघांना एका टेबलाशी बसवून समेट घडवू नये. बाईने “मला त्यांच्यासमोर बसायचं नाही” असे लेखी द्यावे.

आदेशाची प्रत मोफत मिळते, आणि ती त्या हद्दीच्या ठाण्यालाही जाते. गेली का, हे स्वतः ठाण्यात जाऊन पाहा. एक प्रत फोनमध्ये, एक शेजाऱ्यांकडे ठेवा. संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र (पोलीस थेट तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील.

तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी १५१००. निवारा, डॉक्टर आणि पोलीस एकाच ठिकाणी हवे असतील तर जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ या हिंसाग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या केंद्रासारखी केंद्रे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहेत, केसपेपर काढतानाच खिडकीवर त्यांची चौकशी करता येते.