सँटोरिनीची घरं: लाकूड नसलेल्या बेटाची बांधणी

फेब्रुवारी 2025 मध्ये ग्रीसमधलं सँटोरिनी बेट भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण झालं. हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. बातम्यांसोबत कड्यावरच्या पांढऱ्या घरांचे फोटो पुन्हा जगभर फिरले, आणि अशा ठिसूळ कड्याच्या पोटात माणसांनी घरं केलीच कशाला, हा प्रश्नही आला. त्याचं उत्तर बेटावर काय नव्हतं, यात आहे. मोठी झाडं नव्हती, झरे-ओढे जवळजवळ नव्हतेच आणि सपाट जमीन होती ती द्राक्षांसाठी राखायची होती.

इ.स.पू. 1600 च्या सुमारास इथे झालेल्या ज्वालामुखीच्या महास्फोटात बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. उरलेल्या जमिनीवर राख आणि प्युमिसचा (टाच घासायला वापरतात तो सच्छिद्र दगड) जाड थर साचला. या थराखाली अक्रोतिरी हे कांस्ययुगीन शहर गाडलं गेलं. 1967 मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. तिथल्या दोन-तीन मजली घरांच्या भिंतींत लाकडी चौकटी घातलेल्या दिसतात. पुढच्या काळातल्या गवंड्यांना हे परवडण्यासारखं नव्हतं. तुळई आणि वासे बाहेरून बोटीने आणायचे, म्हणजे ते श्रीमंतांचंच काम.

गवंड्यांच्या मदतीला आली ती हीच राख. स्थानिक लोक तिला ‘आस्पा’ म्हणतात. चुन्यात मिसळली की तिचा मसाला दगडासारखा घट्ट होतो, आणि पाण्याखालीही धरतो. चुनादगड मिळायचा प्रोफितिस इलियास डोंगरात, कारण बेटाचा तेवढा भाग ज्वालामुखीचा नाही. एकोणिसाव्या शतकात हीच आस्पाची माती सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी जहाजं भरभरून गेली. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटींचा आफ्रिकेचा वळसा ज्या कालव्याने वाचवला, तोच हा कालवा. शेजारच्या थिरासिया बेटावर ही माती खणताना प्राचीन भिंती लागल्या, आणि 1860 च्या दशकात फ्रेंच भूवैज्ञानिक फर्दिनां फुके यांनी त्यांचा अभ्यास केला. अक्रोतिरीचं उत्खनन व्हायच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

मसाला हाताशी, पण लाकूड नाही. मग छत कशाचं करायचं? इथल्या गवंड्याने कमानी छत निवडलं. अनघड दगड आणि आस्पा-चुन्याचा मसाला यांची अर्धगोल कमान एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेली की तुळईची गरजच उरत नाही. सेंटरिंगलाही लाकूड कमीत कमी लागावं म्हणून थोड्या फळ्या-काटक्यांवर माती लिंपून आकार साधायचा, वर दगड रचायचे आणि मसाला धरला की खालचं सगळं काढून घ्यायचं. ज्याच्याकडे एवढाही पैसा नसे तो कड्यातच शिरायचा. आस्पाचा थर कुदळीने सहज खणता येतो आणि खणलेली पोकळी उभी राहते. अशा कोरीव घराला ‘इपोस्काफो’ म्हणतात.

या घराची मला सगळ्यात हुशारीची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याचा दर्शनी भाग. कोरीव घराला उजेड एकाच बाजूने. म्हणून मधोमध दार, दोन्हीकडे एकेक खिडकी आणि दाराच्या डोक्यावर कमानीत झरोका. आत पुढे बसायची खोली, मागे झोपायची; आणि या दोन खोल्यांमधल्या भिंतीतही पुन्हा तेच दार, त्याच खिडक्या, तोच झरोका. समुद्रावरून आलेला उजेड अशा दोन चाळण्यांतून मागच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोचतो. भिंतींची जाडी उन्हाळ्यात गारवा देते, हिवाळ्यात ऊब. मात्र ओल हा या घरांचा जुना त्रास आहे. खालच्या घराचं छत वरच्याचं अंगण होतं. पाऊस जेमतेम आणि तोही हिवाळ्यातला, म्हणून छताचा आणि अंगणाचा उतार जमिनीखालच्या टाक्याकडे काढलेला असे. टाक्याला आतून गिलावाही आस्पा-चुन्याचाच.

तेराव्या शतकापासून बेटावर व्हेनेशियन सरदारांचं राज्य होतं. समुद्री चाच्यांच्या भीतीने तेव्हा स्कारोस, पिर्गोस, एम्पोरिओ अशी तटबंद गावं वसली. तिथे वेगळा तट फारसा नसे. कडेच्या घरांच्या सलग मागच्या भिंती हाच तट. चाच्यांची भीती ओसरली तशी वस्ती बाहेर पसरली. एकोणिसाव्या शतकात इआ गावच्या शिडाच्या जहाजांनी रशियाशी वाइनचा व्यापार केला, आणि कड्याच्या माथ्यावर कप्तानांची सपाट दर्शनी भिंतींची, नक्षीदार चौकटींची घरं उठली. त्यांचे खलाशी खाली कोरीव घरांत राहत. वाफेच्या जहाजांनी तो व्यापार संपवला.

9 जुलै 1956 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. बेटावर पन्नासहून अधिक माणसं गेली, असंख्य घरं ढासळली आणि बरेच लोक अथेन्सला निघून गेले. वास्तुरचनाकार कोन्स्तान्तीनोस देकावालास यांच्या नेतृत्वाखाली सरकारने नवी घरं उभारली. त्यांची छतं कमानीच ठेवली, याचं मला फार कौतुक वाटतं. निर्वासितांसाठी घाईने डबे उभे करणं सोपं होतं. या मंडळींनी गावच्या गवंड्याचं शहाणपण पुढे नेलं.

आज दिसतं तेवढं सरसकट पांढरं हे बेट पूर्वी नव्हतं. कप्तानांच्या घरांना पिवळसर, तांबूस रंग असायचे. चुन्याची सफेदी स्वस्त, निर्जंतुक आणि ऊन परतवणारी म्हणून गरिबाघरी आली; आपल्याकडे चुन्यात नीळ घालत, तशी तिथेही कपड्यांची नीळ मिसळली जायची.

1970 च्या दशकात ग्रीक पर्यटन खात्याने पारंपरिक वस्त्या वाचवण्याची योजना आखली. इआमधली पडकी कोरीव घरं दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने दिली. घरं वाचली, हे खरंच मोठं काम झालं. पण त्यापाठोपाठ हॉटेलं आली आणि अंगणांत, कड्याच्या अगदी तोंडाशी, पोहण्याचे तलाव खोदले गेले. टाक्यातलं पाणी जपून वापरणाऱ्या वस्तीत 2025 च्या धक्क्यांच्या वेळी प्रशासनाला सांगावं लागलं, की इमारतींवरचा धोका कमी करण्यासाठी आधी हे तलाव रिकामे करा.