पोर्टेबल डिस्क उघडण्यापूर्वी: आतली साटा डिस्क आणि थेट यूएसबी डिस्क

एक टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्यांत फरक शोधणे अवघड जाते. दोन्ही तळहातात मावतात, दोन्हींना तेच चपटे यूएसबीचे टोक लागते आणि संगणकाला जोडल्यावर दोन्ही सारख्याच वागतात. मात्र प्लॅस्टिकचे कवच उघडले की एकीत लॅपटॉपमध्ये असते तशी साधी साटा डिस्क (साटा म्हणजे संगणकाच्या आत डिस्क जोडण्याची रूढ पद्धत) निघते आणि तिच्या तोंडाशी बोटाएवढी सर्किटची पट्टी खोचलेली दिसते. दुसरीत अशी पट्टी नसतेच. तिथे यूएसबीचे पोर्ट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर झाळलेले असते आणि साटाची जोडणी कुठेही सापडत नाही. पहिल्या प्रकाराला या लेखात ‘साटा जात’ आणि दुसऱ्याला ‘थेट यूएसबी जात’ म्हटले आहे. ‘एक्स्टर्नल डिस्क म्हणजे डबीत घातलेली लॅपटॉपची डिस्क’ हा समज फक्त पहिल्या जातीपुरता खरा आहे, आणि त्याच समजापायी दुसऱ्या जातीच्या कितीतरी चालू डिस्क विनाकारण उघडल्या जातात.

हार्ड डिस्कची मूळ भाषा साटा आणि संगणकाच्या बाहेरच्या पोर्टची भाषा यूएसबी, त्यामुळे दोघांमध्ये दुभाषी लागतोच. हे काम ब्रिज चिप करते. दोन्ही जातींत ही चिप असते. ती कुठे बसवली आहे, एवढाच दोन जातींतला मूळ भेद आहे. साटा जातीत ती सुट्या पट्टीवर असते आणि पट्टी डिस्कला साटाच्या ठरलेल्या जोडणीने, म्हणजे माहितीच्या सात आणि विजेच्या पंधरा संपर्कांनी, जोडलेली असते. थेट यूएसबी जातीत ही चिप डिस्कच्या मुख्य बोर्डावरच असते, आणि साटाचे संकेत बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमधून तिच्यापर्यंत जातात. ते बाहेर काढायला वापरणाऱ्यासाठी जोडणीच ठेवलेली नसते. उत्पादकाच्या बाजूने पाहिले तर यात एक बोर्ड आणि एक जोडणी वाचते, वस्तू थोडी आखूड होते आणि खर्चही कमी होतो. मात्र दुरुस्तीच्या वेळी या बचतीची किंमत ग्राहक मोजतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या डिस्कसोबत विजेचा वेगळा अडॅप्टर येतो, तिच्याबाबत हा प्रश्न सहसा पडत नाही. साडेतीन इंची डिस्कच्या मोटारीला १२ व्होल्ट लागतात आणि नेहमीचे यूएसबी पोर्ट ५ व्होल्ट देते, म्हणून अशा मोठ्या डब्यांना अडॅप्टर असतो आणि आत जवळपास नेहमीच साटा डिस्क आणि सुटी पट्टी असते. २०११ मध्ये थायलंडमध्ये आलेल्या महापुराने डिस्कचे कारखाने बंद पडले आणि सुट्या डिस्कच्या किमती एकदम चढल्या. तेव्हा ऑनलाइन बॅकअपची सेवा देणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क विकत घेऊन, त्यांची कवचे काढून आतल्या डिस्क आपल्या सर्व्हरमध्ये बसवल्या होत्या. तो मार्ग चालला, कारण त्या सगळ्या साटा जातीच्या होत्या.

अशा मोठ्या डब्यातून काढलेली डिस्क संगणकात बसवल्यावर कधी कधी फिरतच नाही आणि ती खराब आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. साटाच्या विजेच्या जोडणीत पहिले तीन संपर्क पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेले होते. पुढे साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या संपर्काला डिस्क दुरून बंद करण्याचे काम देण्यात आले. जुना पॉवर सप्लाय त्या संपर्कावर व्होल्टेज देत राहतो आणि डिस्क ते ‘बंद राहा’ अशी आज्ञा म्हणून घेते. तिसऱ्या संपर्कावर वीज न वाहू देणाऱ्या पिवळसर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवली, किंवा ज्यात ३.३ व्होल्टची वायरच नाही असा मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या विजेच्या जोडणीपासून साटा करणारा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर वापरला, की तीच डिस्क मुकाट्याने फिरू लागते.

खरा गोंधळ अडीच इंची, अडॅप्टर नसलेल्या डिस्कमध्ये आहे. कंपन्यांच्या सवयींवरून थोडा अंदाज बांधता येतो. सीगेटच्या पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा साटा डिस्क आणि सुटी पट्टी सापडते, वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि पोर्टेबल एलिमेंट्स मालिकांत गेली अनेक वर्षे प्रामुख्याने थेट यूएसबी जात आहे, आणि तोशिबाच्या कॅन्व्हिओतही थेट यूएसबीच्या डिस्क पुष्कळ आढळतात. पण एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या वर्षी वेगळा माल भरलेला असू शकतो, म्हणून खोक्यावरच्या नावापेक्षा आतल्या डिस्कच्या मॉडेल क्रमांकावर विसंबणे शहाणपणाचे. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांसारखे मोफत प्रोग्राम हा क्रमांक कवच न उघडताही बहुधा दाखवतात.

तो क्रमांक अक्षरशः वाचावा लागतो. तोशिबाची ‘एमक्यू०४एबीएफ१००’ ही लॅपटॉपची साटा डिस्क आहे आणि ‘एमक्यू०४यूबीएफ१००’ ही थेट यूएसबीची. सगळा फरक ‘ए’च्या जागी आलेल्या ‘यू’मध्ये आहे. वेस्टर्न डिजिटलची ‘डब्ल्यूडी१०जेपीव्हीएक्स’ साटाची, तर ‘डब्ल्यूडी१०जेएमव्हीडब्ल्यू’ थेट यूएसबीची. त्या घराण्यातल्या ‘डब्ल्यूडी१०एसएमझेडडब्ल्यू’ आणि ‘डब्ल्यूडी४०एनएमझेडडब्ल्यू’ यांतही तेच ‘एम’ आणि शेवटचे ‘डब्ल्यू’ दिसते. जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणाहून डबी नसलेली सुटी डिस्क घेताना तर लेबलवरची ही अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

उघडायचीच झाली, तर कवच बहुतेक वेळा स्क्रूने नव्हे तर आतल्या खाचांनी धरलेले असते. जुने एटीएम कार्ड किंवा गिटार वाजवायची चकती सांध्यात घालून सावकाश कडेने फिरवली की खाचा एकेक करून सुटतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने तेच केले की कवचावर ओरखडे उठतात आणि हात निसटला तर बोर्डावर घाव बसतो. सीगेटच्या डिस्कमध्ये पट्टीवर अनेकदा चंदेरी पातळ पत्र्यासारखा स्टिकर असतो, तो आधी सोलून काढावा लागतो. मग पट्टी डिस्कच्या लांबीच्या दिशेने, अगदी सरळ बाहेर ओढायची असते. ती वर उचकटली, तर साटाच्या जोडणीतली काळी प्लॅस्टिकची जीभ मोडते, आणि मग चांगल्या डिस्कलाही बोर्ड बदलण्याची पाळी येते. थेट यूएसबी जातीत कवच उघडताच रबरी कडांमध्ये बसलेली डिस्क आणि तिच्या टोकाला यूएसबीचे पोर्ट दिसते. तिथे ओढण्यासारखे काहीच नसते. तेवढे पाहून कवच पुन्हा बंद करावे.

या दोन जातींतला फरक सर्वांत जास्त जाणवतो तो पोर्ट सैल झाल्यावर. यूएसबी ३चे चपटे, दोन भागांचे मायक्रो-बी टोक मुळातच नाजूक असते, त्यात वायर लोंबकळत ठेवून डिस्क उचलायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. साटा जातीत पोर्ट तुटले म्हणजे फक्त पट्टी गेली. डिस्क काढून संगणकाच्या साटा केबलला किंवा काही शे रुपयांच्या साटा-यूएसबी केसला जोडली की लग्नाचे फोटो होते तिथेच सापडतात. थेट यूएसबी जातीत मात्र तेच पोर्ट मुख्य बोर्डावर पुन्हा झाळावे लागते, आणि पोर्टसोबत बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उखडले असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वायर टाकून मार्ग जोडावा लागतो. हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराच्या आवाक्यातले काम आहे; संगणकाच्या दुकानात ते क्वचितच होते.

ब्रिज चिप जळली, तर दोन जातींतली दरी आणखी रुंदावते. साटा जातीत पट्टी बदलून काम भागण्याची शक्यता मोठी असते. थेट यूएसबी जातीत माहिती वाचवणारे तंत्रज्ञ सामान्यतः दोन मार्ग पाहतात. एक म्हणजे बोर्डावरच्या तपासणीसाठी सोडलेल्या ठिपक्यांना साटाच्या वायरी झाळून ब्रिज चिप बाजूला काढणे, आणि दुसरा म्हणजे त्याच घराण्यातला साटाचा बोर्ड बसवणे. दुसऱ्या मार्गात नुसता बोर्ड बदलून चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या वाचनशीर्षांची जुळणी कारखान्यात स्वतंत्रपणे केलेली असते आणि तिचे आकडे बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये लिहिलेले असतात, म्हणून ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो. ऑनलाइन ‘सेम मॉडेल’चा बोर्ड मागवून बसवणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

एवढे करूनही माहिती वाचता येईलच असे नाही, कारण काही डिस्कमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलणे, कायम चालू असते. माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलांत वापरणाऱ्याने पासवर्ड ठेवला नसला तरी चकतीवर लिहिले जाणारे सगळे एन्क्रिप्शन होऊनच जाते. पासवर्ड नसणे म्हणजे कुलूप नसणे नव्हे, कुलपाला किल्ली लावून ठेवलेली असणे. इथे साटा जातही सुरक्षित नाही. माय बुक या मोठ्या डब्याच्या कित्येक मॉडेलांत हे काम सुट्या पट्टीवरची चिप करते, त्यामुळे पट्टी काढून डिस्क थेट जोडली की संगणकाला नुसती अर्थहीन आकड्यांची रास दिसते. २०१५ मध्ये काही संशोधकांनी वेस्टर्न डिजिटलच्या अशा ब्रिज चिपांचा उलगडा करून त्यांतल्या त्रुटी जाहीर केल्या, तेव्हा या यंत्रणेची रचना सर्वांसमोर आली. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते एवढेच, की अशा डब्याची पट्टी माहिती परत मिळेपर्यंत टाकून द्यायची नसते, आणि ती जळली असेल तर तीच चिप असलेली दुसरी पट्टी शोधायची असते.

एन्क्रिप्शन नसतानाही एक फसवा प्रसंग येतो. काही पट्ट्या संगणकाला डिस्कचे सेक्टर (माहिती ठेवण्याचे सर्वांत लहान कप्पे) ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे भासवतात, कारण त्यामुळे विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींना दोन टीबीपेक्षा मोठी डिस्क एकसंध वापरता येत असे. पट्टी काढल्यावर डिस्क आपले सेक्टर ५१२ बाइटचेच सांगते, विभागांचा तक्ता चुकीच्या जागी वाचला जातो आणि विंडोज ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारते. माहिती जागच्या जागी असते. तिथे ‘हो’ म्हणणे हीच काय ती खरी दुर्घटना ठरते.

माहिती दुसरीकडे उतरवून झाल्यावर डिस्क पुन्हा वापरायची असेल, तर साटा जातीलाही मर्यादा आहेत. चार-पाच टीबीच्या अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात आणि लॅपटॉपच्या ७ किंवा ९.५ मिलिमीटरच्या खणात त्या मावतच नाहीत. शिवाय या आकारातल्या अलीकडच्या बहुतेक डिस्कमध्ये चकतीवरचे माग (ट्रॅक) कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एका जागी बदल करायचा तर शेजारचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. फोटो ठेवून विसरून जायला ही रचना ठीक असते, पण घरगुती नॅसच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीच्या) रेडमध्ये, म्हणजे एकत्र चालवलेल्या अनेक डिस्कच्या संचात, अशी डिस्क घातली की पुनर्बांधणीच्या वेळी ती रांगायला लागते. निघालेली सुटी पट्टी मात्र उपयोगी पडू शकते. तिच्यावर जुन्या लॅपटॉपची डिस्क किंवा एसएसडी लावून पाहावी. काही पट्ट्या परक्या डिस्कला निमूट स्वीकारतात, काही साफ नाकारतात. थेट यूएसबी जातीतून पुन्हा वापरण्याजोगे असे वेगळे काहीच निघत नाही, त्यामुळे ती चालू असेल तर आहे त्या कवचातच वापरावी.

टकटक आवाज करणारी डिस्क कोणत्याही जातीची असो, तिचे प्लॅस्टिकचे कवच उघडून फायदा नाही आणि आतले धातूचे झाकण तर घरी कधीच उघडू नये. शीर्ष आणि चकती यांच्यातले अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असते. तो आवाज ऐकू येताच वीज बंद करून डिस्क माहिती वाचवणाऱ्याकडे द्यावी, कारण पुढचा प्रत्येक प्रयत्न चकतीवर ओरखडे पाडू शकतो.

मोडीत देण्याआधी माहिती पुसण्याचा प्रश्नही दोन्ही जातींत वेगळा सुटतो. साटा जातीची डिस्क फिरत असेल तर ती संगणकाला थेट जोडून पूर्ण पुसता येते, पोर्ट तुटलेले असले तरी. थेट यूएसबी जातीचे पोर्टच गेले असेल तर ते पुन्हा झाळल्याशिवाय पुसण्याची वाटही बंद होते, आणि तसे करायचे नसेल तर चकती नष्ट करणे एवढाच उपाय उरतो. अडीच इंची डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि हातोडीच्या घावाने त्यांचे बारीक तुकडे उडतात, म्हणून झाकण न काढता, जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच हे काम करावे. साडेतीन इंची डिस्कमधल्या चकत्या सहसा ॲल्युमिनियमच्या असल्याने वाकतात, फुटत नाहीत. तिथे ड्रिलने आरपार भोके पाडणे सोपे पडते. उरलेला सांगाडा घरच्या कचऱ्यात किंवा रद्दीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. तिथल्या माणसाला आतली डिस्क साटाची होती की यूएसबीची, याने काही फरक पडत नाही.